धार लावूनही चाकू लवकर बोथट होतो : दोष कुठे शोधावा आणि पोलादाचे नाव केव्हा पाहावे

ही तक्रार जवळजवळ नेहमी एकाच स्वरूपात येते. चाकूला धार लावली, कागद सरळ चिरला गेला, मनगटावरचे केसही निघाले, आणि थोड्याच दिवसांत तोच चाकू टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागला. पुन्हा धार लावली, तर पुन्हा तेच झाले. असे दोनतीनदा घडले की मालकाचा संशय पोलादावर जातो. मग पात्यावर कोरलेले नाव वाचले जाते, पोलादांच्या तुलनेचे तक्ते चाळले जातात आणि त्या तक्त्यात वरच्या ओळीत असलेल्या पोलादाचा नवा, महागडा चाकू घ्यावा असे वाटू लागते.

हा संशय दर वेळी चुकीचा असतो असे नाही, पण बहुतेक वेळा तो फार लवकर घेतला जातो. धार जाण्याचे प्रकार निदान पाच आहेत. धारेवर राहिलेली बर, म्हणजे घासताना तयार झालेली धातूची पातळ झालर, मोडते, धारेची कड एका अंगाला वळते, तिचे बारीक टवके उडतात, ती गंजते, किंवा ती खरोखर झिजते. पोलादांच्या टिकाऊपणाचे जे तक्ते सर्वत्र फिरतात, ते जवळजवळ केवळ शेवटच्या प्रकाराचे, म्हणजे झिजेचे, मोजमाप करतात. ज्याच्या चाकूची धार वळते आहे त्याने झिजेला उत्तम तोंड देणारे पोलाद घेतले, तर त्याचा दोष दूर होईलच असे नाही, आणि पुढची धार लावणे मात्र निश्चितच कष्टाचे होईल. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे : आधी धार कशी जाते ते ओळखायचे, आणि पोलादाचे नाव त्यानंतर विचारात घ्यायचे.

धार किती लवकर गेली?

पहिला प्रश्न वेळेचा आहे. धार लावल्यानंतर पहिल्याच वापरात, किंबहुना पहिल्या काही कापांतच चाकू बोथट झाला असेल, तर पोलादाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण इतक्या थोड्या वापरात कोणतेही स्टेनलेस पोलाद झिजत नाही. अशा वेळी दोषी असते ती बर. दगडावर एक बाजू घासताना धातूची अतिशय पातळ झालर दुसऱ्या बाजूला उलटते, आणि ती पुरती काढली नाही तर तीच झालर सरळ उभी राहून धारेचे सोंग घेते. ती इतकी पातळ असते की कागद आणि केस सहज कापते, परंतु फळीवर चारदोनदा टेकताच ती मोडते किंवा दुमडते आणि खाली उरते ती मोडक्या धातूची बोथट कड.

स्टेनलेस पोलादांत ही अडचण साध्या कार्बन पोलादापेक्षा अधिक जाणवते, आणि त्यातही मऊ राखलेल्या स्वस्त पात्यांत ती सर्वाधिक असते, कारण तिथली झालर ठिसूळपणे तुटून पडण्याऐवजी चिवटपणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लवत राहते. ती ओळखायची रीत सोपी आहे. बोटाचे टोक पात्याच्या पाठीकडून धारेकडे, आणि नेहमी धारेपासून बाहेरच्या दिशेने, हलकेच सरकवावे. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला काही अडल्यासारखे लागले, तर बर शिल्लक आहे. कापसाचा पुंजका धारेवरून ओढल्यास तंतू अडकतात, तेही याचेच चिन्ह. शेवटच्या टप्प्यात दाब जवळजवळ पात्याच्या वजनाइतकाच ठेवावा, एकेक घासणी आलटून पालटून दोन्ही बाजूंना द्यावी, कोन किंचित वाढवून दोनतीन अतिशय हलक्या घासण्या कराव्यात आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर पाते ओढावे. इतके केले की बर बहुधा निघते. दाब हाच इथला मुख्य शत्रू आहे. जोर देऊन घासणाऱ्याला बारीक दगडावरही नवी बर तयार होत राहते, आणि दगड बारीक असूनही धार का टिकत नाही हे त्याला कळत नाही.

याच्या उलट दोष म्हणजे दगड धारेच्या टोकापर्यंत पोचतच नाही. पात्याच्या दोन्ही अंगांनी धारेकडे उतरणारा जो घासलेला अरुंद पट्टा असतो, त्याला पुढे उतार असे म्हटले आहे. या उतारावर मार्करची शाई फासावी, दोन घासण्या द्याव्यात आणि प्रकाशात पाहावे. शाई उताराच्या वरच्या भागातून गेली पण कडेजवळ तशीच राहिली असेल, तर कोन फार लहान धरला जात आहे आणि जुनी बोथट कड जागची हललेलीच नाही. अशा चाकूला सकृद्दर्शनी धार आल्यासारखी वाटते, पण ती अर्धवट असते आणि लगेच जाते. ही शाईची युक्ती पाच मिनिटांची आहे, आणि महागडे पोलाद विकत घेण्याआधी प्रत्येकाने ती एकदा तरी करून पाहावी असे माझे मत आहे.

सळईने धार परत येते का?

चाकू काही दिवस चालतो, मग मंदावतो, आणि धार सरळ करायच्या सळईवर पाचसहा वेळा ओढला की पुन्हा कापू लागतो, असे होत असेल तर धातू फारसा झिजलेला नाही, कड वळली आहे. दिव्याखाली पाते फिरवून धारेकडे सरळ पाहिले तर वळलेल्या जागी बारीक चकाकणारी रेघ दिसते, कारण खऱ्या धारेवरून प्रकाश परत येत नाही आणि वळलेल्या किंवा सपाट झालेल्या कडेवरून येतो.

कड वळणे हा मुख्यतः कठीणतेचा प्रश्न आहे, आणि इथे पोलादांच्या नावांना पहिल्यांदा काही अर्थ येतो. चाकूच्या पोलादाची कठीणता रॉकवेलच्या सी मापावर मोजली जाते; आकडा जितका मोठा तितके पोलाद कठीण. ४२०जे२ सारख्या पोलादात कार्बन साधारण ०.३ टक्क्याच्या आसपास असल्याने त्याला कितीही चांगले पाणी दिले, म्हणजे तापवून व झपाट्याने थंड करून कठीण केले, तरी ते ५५ च्या वर जाणे कठीण असते. युरोपीय स्वयंपाकाच्या चाकूंत सर्रास आढळणारे एक्स५०सीआरएमओव्ही१५, ज्याचा क्रमांक १.४११६ असा लिहिला जातो, त्यात कार्बन सुमारे ०.५ टक्के आणि क्रोमियम साधारण १५ टक्के असते, आणि त्याची पाती बहुधा ५५ ते ५८ च्या दरम्यान राखलेली असतात. एयूएस-८ आणि ८सीआर१३एमओव्ही यांत कार्बन ०.७ ते ०.८ टक्क्यांच्या घरात जातो आणि कठीणता ५८-५९ पर्यंत येते. १४सी२८एन मध्ये कार्बन सुमारे ०.६२ टक्केच असूनही सोबत सुमारे ०.११ टक्के नायट्रोजन घातलेला असल्याने ते ६० च्या पुढे नेता येते. व्हीजी-१० मध्ये कार्बन १ टक्का, क्रोमियम १५ टक्के आणि सुमारे १.५ टक्के कोबाल्ट असते, आणि त्याची पाती साधारणतः ६० किंवा ६१ ची असतात.

या आकड्यांवरून असे वाटेल की रसायन ठरले म्हणजे कठीणता ठरली. प्रत्यक्षात रसायन फक्त कमाल मर्यादा ठरवते. त्या मर्यादेच्या किती जवळ जायचे हे पाणी पाजणारा ठरवतो. स्टेनलेस पोलाद साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झपाट्याने थंड केले जाते. थंड होताना त्यातला काही भाग कठीण न होता मऊ अवस्थेतच अडकून राहतो, आणि तो कमी करण्यासाठी चांगले कारखाने पाते शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत, काही जण तर द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, थंड करतात. त्यानंतर साधारण १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढला जातो. यांपैकी एक पायरी गाळली किंवा उरकली, तर पात्यावरचे नाव तेच राहते आणि धार मात्र वेगळीच वागते. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे बक या चाकूंच्या कंपनीचे ४२०एचसी. कार्बन अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेले हे साधे पोलाद ती कंपनी ५८ पर्यंत नेते, आणि त्याची पाती त्याच नावाच्या इतर अनेक पात्यांपेक्षा अधिक काळ धार धरतात.

स्टेनलेसचा इतिहासही याच मुद्द्यापासून सुरू होतो. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे क्रोमियमयुक्त गंजरोधक पोलाद बनवले, तेव्हा तिथल्या चाकू बनवणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता, कारण साध्या पोलादाच्या सवयीने ते त्याला घडवू व पाणी पाजू पाहत होते आणि हाती येणारी पाती नीट कापत नव्हती. ‘स्टेनलेसला धार टिकत नाही’ हा समज त्या काळचा आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मग वळणाऱ्या धारेवर उपाय काय? चाकू ५४-५५ चा असेल तर त्याची धार फार निमुळती ठेवू नये. प्रत्येक बाजूला १२ अंशांची धार अशा पात्यात दिसायला सुंदर असते पण उभी राहत नाही. १८ ते २० अंश ठेवावेत आणि सळई नियमित, पण हलक्या हाताने वापरावी. सळईलाही मर्यादा आहे. तीच कड पुन्हापुन्हा सरळ केली की ती तार वाकवून वाकवून तुटते तशी थकते, आणि मग सळईने आलेली धार तासाभरातच जाते. तो टप्पा आला की दगडावर थोडा धातू काढून ताज्या पोलादाची कड आणणे एवढाच मार्ग उरतो.

धारेला दाते पडत असतील तर

काही चाकू बोथट होत नाहीत, खरखरीत होतात. कागद कापताना मध्येच अडतो, नखावरून धार हलकेच सरकवली की ठिकठिकाणी खाच जाणवते आणि भिंगाखाली पाहिले तर कडेचे बारीक टवके उडालेले दिसतात. हा कठीण पात्यांचा दोष आहे, आणि ज्यांनी १.४११६ सोडून नुकताच व्हीजी-१० घेतला त्यांना तो हमखास भेटतो, कारण हाताच्या सवयी जुन्याच राहिलेल्या असतात. मऊ पाते हाडाला लागले तर वळते, कठीण पाते तुटते. फळीवर धार रुतलेली असताना पाते आडवे वळवून चिरलेले पदार्थ ओढणे, गोठलेल्या वस्तू कापणे आणि खाचांच्या पोलादी सळईवर जोराने ओढणे ही टवके उडण्याची तीन नेहमीची कारणे आहेत. ६० च्या वरच्या पात्यांना खाचांची सळई लावू नये. गुळगुळीत सिरॅमिक सळई किंवा चामड्याचा पट्टा पुरेसा असतो.

मात्र टवके उडणे केवळ कठीणतेवर अवलंबून नसते, आणि तक्त्यांत दिसत नाही अशी एक मोठी गोष्ट इथे दडलेली आहे. पोलादाच्या आत कार्बाइडचे कण असतात. क्रोमियम, व्हॅनेडियम यांसारखे धातू कार्बनशी जुळून बनलेले हे कण पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात. ४४०सी सारख्या पोलादात, जिथे कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असते, हे कण पुष्कळ आणि मोठे असतात. धारेची कड अतिशय पातळ केली की मोठा कण कडेबाहेर डोकावतो, आणि तो निखळला की त्याच्याभोवतीचा धातूही सोबत जातो. याउलट एईबी-एल आणि १४सी२८एन यांच्या कुळातली पोलादे दाढीच्या पात्यांच्या गरजेतून आली आहेत, त्यांतले कण बारीक व थोडे असतात, म्हणून ती ६० च्या पुढे कठीण करूनही अगदी निमुळती धार सांभाळतात. झिजेच्या तक्त्यात ती खाली असतात, पण पातळ धारेच्या स्वयंपाकाच्या चाकूत मला ती वरच्या ओळीतल्या अनेक नावांहून अधिक पसंत पडतात.

दाढीच्या पात्यांचा उल्लेख निघाला म्हणून सांगायचे, तर २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असलेला केसही पात्याचे टवके उडवू शकतो. कापताना केस वाकतो, पात्याशी तिरका होतो, आणि कडेवर आधीच सूक्ष्म दोष असेल व पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसेल तर नेमक्या त्या जागी भेग पडते. धार कशाने जाते याचा विचार करताना ‘कापली जाणारी वस्तू तर मऊ आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही.

गंज, धुण्याचे यंत्र आणि फळी

धारेची कड मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी पातळ असते, त्यामुळे पात्याच्या अंगावर डागसुद्धा दिसणार नाही एवढा गंज तिला बोथट करायला पुरतो. आंबट फळे कापून चाकू तसाच रात्रभर ठेवला आणि सकाळी तो न वापरताच बोथट वाटला, तर हेच घडलेले असते. ‘स्टेनलेस’ म्हणजे गंजतच नाही असे नव्हे. गंजापासून वाचवते ते पोलादात विरघळलेले क्रोमियम. कार्बाइडमध्ये अडकलेले क्रोमियम त्या कामी येत नाही. म्हणूनच १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेले डी२ पुरते स्टेनलेस ठरत नाही, आणि २०२१ मध्ये बाजारात आलेले, पोलादतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी आखलेले मॅग्नाकट हे पोलाद सुमारे १०.७ टक्के क्रोमियम असूनही गंजाला उत्तम तोंड देते, कारण त्यात क्रोमियमचे कार्बाइड जवळजवळ बनूच दिलेले नाहीत.

भांडी धुण्याच्या यंत्राने पात्याला दिलेल्या पाण्याचा कस उतरतो, असे अनेकदा म्हटले जाते. ते बरोबर नाही. यंत्रातले तापमान सत्तर अंशांच्या आसपास असते आणि पात्याची कठीणता बदलायला दीडशेहून अधिक अंश लागतात. यंत्रातले खरे नुकसान गरम अल्कली साबण, मिठाचा अंश, तासभराचा ओलावा आणि शेजारच्या भांड्यांवर आपटणारी धार यांनी होते.

फळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. काच, दगड, चिनी माती किंवा धातू यांवर कापणाऱ्याने पोलादांची तुलना करण्यात वेळ घालवू नये, कारण त्या पृष्ठभागांवर सर्वच धारा सारख्याच वेगाने मरतात. लाकूड किंवा पॉलिथिनची फळी घ्यावी.

आता झीज, आणि खरी तुलना

बर काढली आहे, सळईने धार परत येत नाही, भिंगाखाली टवके नाहीत, गंजाचे कारण नाही, आणि तरी कडेवर सर्वत्र एकसारखी, गुळगुळीत, गोलसर चकाकी दिसते, असे असेल तेव्हाच धार झिजली आहे असे म्हणावे. पुठ्ठा, दोरखंड, गालिचा, माती लागलेली मुळे अशा वस्तू कापणाऱ्यांना हाच दोष प्रामुख्याने आढळतो, आणि पोलाद बदलण्याचा खरा लाभही त्यांनाच होतो.

झिजेचे गणित कठीणतांच्या तुलनेवर चालते. विकर्स या कठीणतेच्याच दुसऱ्या मापावर ५६ रॉकवेलचे पाते सुमारे ६१० भरते आणि ६१ चे सुमारे ७२०. धुळीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, मात्र १००० च्या वर असते. म्हणजे ५६ चे पाते असो वा ६१ चे, वाळूचा कण दोहोंनाही ओरखडतो, आणि त्या कणाला अडवू शकतात ते फक्त कार्बाइड : क्रोमियमचे सुमारे १५०० च्या घरातले आणि व्हॅनेडियमचे २८०० च्या आसपासचे. झिजेपुरते पाहता पोलादांचा क्रम त्यांतल्या कार्बाइडच्या जातीवर आणि प्रमाणावर ठरतो तो यामुळे.

हा क्रम मोजण्याची मान्य पद्धत शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेच्या यंत्राची आहे, आणि तिच्यावर आयएसओ ८४४२-५ हे मानक आधारलेले आहे. ठरावीक भाराखाली पाते पुढेमागे सरकवत वाळू मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर चालवले जाते आणि एकूण किती मिलिमीटर गठ्ठा कापला गेला ते मोजले जाते. क्रूसिबल या पोलाद कंपनीने आपल्या माहितीपत्रकात ४४०सी ला १०० धरून १५४सीएम ला १२० आणि एस३०व्ही ला १४५ असे गुण दिले होते. ४४०सी मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम कार्बाइड असतात. २००१ मध्ये आलेल्या एस३०व्ही मध्ये क्रोमियम कार्बाइडांसोबत सुमारे ४ टक्के व्हॅनेडियमचे असतात, आणि त्या थोड्या कणांनीच मोठा फरक पडतो. एस३५व्हीएन त्याच्या जवळपास, पण थोडे अधिक चिवट. एम३९० आणि त्याच्याच घडणीचे २०सीव्ही यांत कार्बन १.९ व क्रोमियम २० टक्के असून ती एस३०व्ही च्या वर आहेत. एस९०व्ही मध्ये व्हॅनेडियम ९ टक्के असल्याने सामान्यतः मिळणाऱ्या स्टेनलेसमध्ये झिजेला तोंड देण्यात त्याचा क्रमांक फार वरचा लागतो. खालच्या टोकाला ४२०जे२, त्यावर १.४११६, त्यावर एयूएस-८, ८सीआर१३एमओव्ही आणि १४सी२८एन यांचा जवळजवळचा घोळका, आणि व्हीजी-१० व ४४०सी त्यांच्या थोडे वर, असा बाकीचा क्रम लागतो. त्या घोळक्यातल्या दोन पोलादांत श्रेष्ठ कोण यावर चालणारे वाद मला निरर्थक वाटतात, कारण तिथला फरक पाणी पाजण्यातल्या फरकापुढे हरवून जातो.

आता या सर्व तुलनेला वेगळे वळण देणारी गोष्ट. मॅग्नाकटचे कर्ते म्हणून वर ज्यांचे नाव आले, त्या लॅरिन थॉमस यांनी कॅट्राच्या पुष्कळ चाचण्यांवरून एक सूत्र बसवले आहे. त्यात रॉकवेलच्या एका अंकामागे सुमारे १६ मिलिमीटर कापणे वाढते, क्रोमियम कार्बाइडच्या प्रत्येक टक्क्यामागे सुमारे ११.२, व्हॅनेडियमसारख्या कठीण कार्बाइडच्या टक्क्यामागे सुमारे २६, आणि धारेचा एकूण कोन एका अंशाने कमी केला तर सुमारे १७.८. एकूण कोन म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज. याचा अर्थ असा की दोन्ही बाजूंना २० अंशांची धार १५ वर आणली, तर एकूण दहा अंशांचे सुमारे १७८ मिलिमीटर पदरात पडतात, आणि ४४०सी मधले बाराच्या बारा टक्के कार्बाइड मिळूनही १३४ च्या वर जात नाहीत. जे पैसे देऊन मिळवायचे, त्याहून अधिक दगडावर कोन बदलून मिळते. अट एकच, की तेवढ्या निमुळत्या कोनावर पाते वळू नये आणि त्याचे टवके उडू नयेत. म्हणून आधीचे दोष निपटल्याशिवाय झिजेकडे येऊ नये, आणि झिजेकडे आल्यावर पोलादाआधी कोन बदलून पाहावा.

यंत्राची चाचणी घरच्या वापराशी तंतोतंत जुळत नाही हेही ध्यानात घ्यावे. तिथल्या कागदात वाळू असते, पाते सरळ रेषेत चालते, फळीवर आपटत नाही आणि ओले होत नाही. स्वयंपाकात चाकूची धार बहुतांश फळीवर टेकून वळते. तिथे एम३९० आणि व्हीजी-१० यांतला फरक यंत्रावर दिसतो त्याहून कितीतरी कमी जाणवतो. पुठ्ठा कापणाऱ्याला मात्र तो जवळजवळ पुरता जाणवतो, कारण पुठ्ठ्यातही खनिजांची बारीक भेसळ असतेच.

वरच्या पोलादांची आणखी एक बाजू आहे. साध्या दगडांतला अॅल्युमिनियम ऑक्साइड विकर्सवर २००० च्या आसपास असतो, म्हणजे क्रोमियम कार्बाइडला तो घासू शकतो पण व्हॅनेडियमच्या कणांना नाही. एस९०व्ही ला अशा दगडावर धार लावणारा तासभर घासतो, कड कधी नीट येत नाही, बर निघत नाही, आणि मग ‘इतके महाग पोलाद, पण धार टिकत नाही’ अशी तक्रार करतो. अशा पात्यांना हिऱ्याची पट्टी लागते. ती घ्यायची तयारी नसेल तर १४सी२८एन किंवा व्हीजी-१० च्या पुढे न जाणेच शहाणपणाचे.

नवा चाकूच धार धरत नसेल

चाकू नवा आहे, पोलाद नावाजलेले आहे आणि तरी कारखान्यातली धार दोन दिवसांत जाते, तेव्हा कडेचा धातू धार लावताना भाजला गेला असण्याची शक्यता मोठी असते. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या पट्ट्यावर कड क्षणभरात दोनशे अंशांच्या कितीतरी पुढे जाते, आणि वस्तुमान नगण्य असल्याने रंग बदललेला दिसलाच पाहिजे असे नाही. कडेचा तेवढाच भाग मऊ पडतो, बाकीचे पाते ठणठणीत असते. चाकू लगेच परत करू नये. पाण्याच्या दगडावर हाताने दोनतीनदा पुरती धार लावून तो भाजलेला धातू काढून टाकावा आणि मग पुन्हा पारखावा. धार प्रत्येक वेळी थोडी अधिक टिकू लागली, तर निदान बरोबर होते. तिसऱ्या-चौथ्या वेळीही फरक पडला नाही, तर पाणी देण्यातच खोट आहे आणि चाकू बदलून मागणे योग्य ठरेल. यंत्राच्या साणेवर धार लावून आणलेल्या जुन्या चाकूलाही हेच लागू आहे.

दोन पोलादांची तुलना स्वतः करायची असेल, तर दोन्ही पात्यांचा कोन, शेवटचा दगड आणि कापायची वस्तू एकच असावी, आणि दोन्ही पात्यांची धार हाताने निदान दोनदा लावून झालेली असावी. कारखान्यातून आलेल्या धारांची तुलना ही पोलादांची तुलना नव्हे. थांबायची खूणही आधी ठरवावी, उदाहरणार्थ वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला जाणे ज्या क्षणी बंद होईल तो क्षण. ‘आता बोथट वाटतो’ ही खूण चालत नाही, कारण जाड पाते धारदार असूनही बोथट वाटते.

जुन्या चाकूंच्या बाबतीत हे शेवटचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. पाते धारेपासून पाठीकडे जाड होत जाते, आणि वर्षानुवर्षे धार लावत गेल्याने कड वर सरकते, म्हणजे जाड भागात जाते. अशा चाकूवर धार उत्तम असते, केस निघतात, कागद चिरला जातो, पण कठीण भाजीत तो पाचरीसारखा अडकतो, आणि मालक पुन्हा धार लावायला बसतो, त्यामुळे कड आणखी वर सरकते. धारेच्या किंचित मागे पाते चिमटीत धरून त्याच ठिकाणी नव्या चाकूची जाडी पडताळावी. फरक हाताला लागत असेल तर धारेला हात न लावता, खरखरीत दगडावर पाते जवळजवळ आडवे ठेवून उताराच्या मागचा भाग उतरवावा, आणि तो पुरेसा पातळ झाल्यावरच नव्याने धार लावावी.